आप्पांच्या नाडीचं रीडिंग

आमच्या समोर राहणाऱ्या आप्पांना तुम्ही घरी बोलावलंत, तर ते आधी तुम्हाला भेटत नाहीत. आधी तुमच्या मीटरला भेटतात. जिन्याखाली, गोठ्याशेजारी, बुटांच्या रॅकमागे, जिथे कुठे तो बसवलेला असेल तिथे जातात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि त्याच्याकडे टक लावून उभे राहतात. मग घरात येऊन बसतात आणि हातात पाण्याचा पेला घेण्याआधी म्हणतात, "गीझर चालू राहिला वाटतं." आपण धावत जाऊन बघावं, तर खरंच राहिलेला असतो.

माझ्या नणंदेचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडचं घर बघायला आम्ही आप्पांना बरोबर नेलं होतं. आम्ही सगळे मुलाला न्याहाळत होतो आणि आप्पा मुलाच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी उभे होते. परतताना सासूबाईंनी विचारलं, "कसं वाटलं स्थळ?" आप्पा म्हणाले, "सील शाबूत आहे. तारेवर चोरीचा आकडा नाही. असे लोक पोरीला फसवणार नाहीत. द्या बिनधास्त." दिली. नणंद आजही सुखात आहे आणि नवऱ्याशी भांडण झालं की आप्पांच्या नावाने बोटं मोडते.

आप्पांचा जन्म बिजली ऑफिसात मीटरचं रीडिंग घेण्यात गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बुऱ्हाणपुरातली अर्धी माणसं ते अजून चेहऱ्याने नाही, मीटरने ओळखतात. बोलणंही तसंच. मला ताप आला तर "सूनबाईंचा लोड वाढला." आमचे हे रागावले तर "फेज गेला आज." आणि कोणी काही पसरट सांगायला लागलं की हात वर करून म्हणायचं, "आधी रीडिंग, मग बोलणं!" मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे वाक्य मी त्यांच्याकडून उचललं आहे. वर्गात फार उपयोगी पडतं.

मी त्यांची सून नाही. या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला सूनबाई म्हणतात, एवढंच.

त्यांची आणखी एक गंमत सांगायला हवी. आप्पा केळी खात नाहीत. केळीच्या बागांनी वेढलेल्या बुऱ्हाणपुरात राहून! नोकरीत असताना ते जवळच्या दापोरा गावाकडे रीडिंगला गेले, की शेतकरी सायकलीला केळीचे घड बांधायचे. प्रेमाने बांधायचे, पण त्यातल्या काहींच्या विहिरीवरच्या मोटारी चोरीच्या तारेवर चालायच्या. कोणतं केळं प्रेमाचं आणि कोणतं चोरीचं, हे कळायला मीटर नव्हता. म्हणून आप्पांनी केळंच सोडलं. पुढे सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळंसुद्धा ते बाजूला काढून ठेवायला लागले.

तर अशा आप्पांच्या मनगटावर त्यांच्या मुलीने मीटर बसवायचं ठरवलं.

पल्लवी पुण्याला नोकरी करते. आई गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि आप्पा रोज तिला तीच दोन वाक्यं सांगतात, "सगळं बरोबर आहे. तू जेवलीस का?" दिवाळीला आली तेव्हा तिने एक काळं घड्याळ आणलं. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकणारं. चालताना नाडी मोजायची, झोपेत मोजायची, आणि सगळं तिला तिच्या फोनवर पुण्यात बसून दिसायचं. ऑफिस तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवत होतं. आमच्या ओट्यावर बसून तिने बापाला सरळ सांगितलं, "पप्पा, सीधी बात. तुम्ही सकाळी राजघाटावर फिरायला जाता, पायऱ्या चढता, माझा जीव इकडे टांगलेला असतो. हे घालायचं. महिनाभर तुमची नाडी नीट दिसली तर मी हो म्हणेन. नाही घातलं, तर मी जात नाही. खतम."

"मी जन्मभर लोकांना मीटर लावले," आप्पा म्हणाले, "आता मला लावू राहिली?"

"हो. लावू राहिले."

पल्लवी गेली आणि घड्याळ आप्पांच्या देवघरात, डबीसकट, गणपतीच्या बाजूला बसलं.

तापीकाठच्या राजघाटावर सकाळी फिरणाऱ्यांचा एक कंपू आहे. त्यात मीही असते, निदान डॉक्टरांनी साखरेवरून रागावलं की पुढचे पंधरा दिवस तरी असते. त्या कंपूत घड्याळाचा विषय निघाला आणि चालणं बंदच पडलं. सगळे पायऱ्यांवर बसून चर्चा करायला लागले. एकजण म्हणाले, आपण जोरात चाललो की कमी चाललो हे त्यात कळतं, उगाच छाती फुटेपर्यंत दौडायचं कारण उरत नाही, घालाच. दुसरे म्हणाले, माझ्या मेव्हण्याने घातलं आणि तेव्हापासून तो दर पाच पावलांवर थांबून मनगट बघतो, बायको पुढे निघून जाते. तिसरे म्हणाले, नाडी बघत चालणारा माणूस तापी कधी बघणार? यावर सगळ्यांनी जरा वेळ तापीकडे बघितलं.

आप्पा उठले. "तुमचं सगळ्यांचं बोलणं झालं. रीडिंग कोणाकडेच नाही. मीटर बसवण्याआधी टेस्ट होतो. पहिले टेस्ट, मग बघू."

बिजली ऑफिसात नवा मीटर तपासायची रीत असते म्हणे. भरपूर लोड देऊन बघायचं आणि अजिबात लोड न देता बघायचं. लोड नसताना मीटर स्वस्थ बसला पाहिजे. बसला नाही, तर तो नापास.

भरपूर लोड म्हणून आप्पांनी मला निवडलं. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते आणि मी मांडे करत होते. आमच्याकडचे मांडे म्हणजे पोळपाट-लाटण्याचं काम नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. चुलीची धग, घाम, आणि सासूबाईंचं लक्ष. आप्पांनी माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि दाराशी स्टूल टाकून बसले. तिसऱ्या मांड्याला घड्याळ थरथरलं. त्यावर इंग्रजीत प्रश्न आला होता, की आपण पोहत आहात असं दिसतं, नोंद करू का?

आप्पा इतके हसले की स्टुलावरून उठावं लागलं. "सूनबाई, तापीत उतरल्या!" संध्याकाळी पल्लवीचा फोन आला तो घाबराघुबरा. पप्पांची नाडी दुपारी एवढी का चढली होती, आणि ते कुठे पोहत होते? आप्पांनी तिला टेस्टचं सांगितलं. तीही हसली, पण शेवटी म्हणाली, "पप्पा, मस्ती पुरे. उद्यापासून तुम्ही. ऑफिसला जबाब द्यायचा आहे."

दुसऱ्या दिवशी आप्पा बिनलोडच्या टेस्टसाठी आमच्याकडे आले. घड्याळ कशाला तरी बांधायला हवं होतं, ज्यात जीव नाही. आमची शेती दापोऱ्याला, त्यामुळे घरात फळांच्या टोपलीत दुसरं काही नसतं. आप्पांनी दोन बोटांनी एक केळं उचललं, पट्टा आवळला आणि टेबलावर ठेवलं. आम्ही वाट बघत बसलो. हिरवा दिवा लुकलुकला. आकडा उमटला. बहात्तर!

"फिरला!" आप्पा ओरडले. "बिनलोडचा फिरला! मीटर फेल!"

मी केळं कानाला लावून बघितलं, हे मी कबूल करते. काही ऐकू आलं नाही. आप्पा केळं हातात धरून ओट्यावर गेले, गल्लीत जो दिसेल त्याला दाखवू लागले, की बघा, ही केळ्याची नाडी, तुमच्यापेक्षा चांगली आहे. शेजारच्या आजींनी नमस्कार केला.

तेवढ्यात फोन वाजला. पल्लवीच. फोन आप्पांना नेहमी स्पीकरवरच लागतो, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू आलं.

"पप्पा! घातलं तुम्ही! कितनी मस्त रीडिंग आहे! एकदम नॉर्मल. बघा, उगाच नाटक करत होते. मला इतकं बरं वाटू राहिलं ना पप्पा, काय सांगू."

आप्पांनी तोंड उघडलं. मीटर फेल, हे शब्द त्यांच्या जिभेवर आलेले मला दिसत होते. त्यांनी केळ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"हां," ते म्हणाले. "घातलं. तू जेवलीस का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत, उद्या सांगतील. पण त्यानंतर आप्पा दर दोन दिवसांनी आमच्या दारात यायला लागले. "सूनबाई, एक केळं द्या. जरा कच्चं बघून." जो माणूस प्रसादाचं केळंसुद्धा बाजूला काढतो, तो कच्चं केळं मागतो! राजघाटावर त्यांच्या हातात एक कापडी पिशवी दिसू लागली. ती ते चालताना जरा जास्तच हलवत. म्हणजे पावलंही मोजली जात होती. पावलं आप्पांची, नाडी केळ्याची.

एका सकाळी आम्ही दोघंच मागे राहिलो होतो. घाटाच्या पायऱ्या चढताना आप्पा मध्येच बसले. धोतराचा सोगा सारखा करायच्या निमित्ताने बसले, पण मी बघत होते. छातीवर हात होता आणि श्वास लागला होता.

"आप्पा, हे कधीपासून?"

"होतं कधीकधी. दोन ठोके नीट पडतात, तिसरा चुकतो. बसलं की जातं."

"आणि पिशवीत केळं घालून फिरता? डॉक्टरकडे जायचं सोडून?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं. खाली एक बाई दिवा सोडत होती. मग ते बोलले, आणि त्या बोलण्यात मीटर नव्हता, लोड नव्हता.

"तिची आई आजारी होती तेव्हा पोरीने हातातली चांगली नोकरी सोडली होती. इथे येऊन बसली, शेवटपर्यंत. एक शब्द बोलली नाही. आता माझ्या या ठोक्यापायी दुसरी सोडेल. मी तिला ओळखतो. माझी नाडी दाखवली तर जाणार नाही, नाही दाखवली तरी जाणार नाही. मग मी काय करू? हे केळंच तिला पाठवू शकतं, सूनबाई."

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. मी म्हटलं, आज संध्याकाळी डॉक्टर, नाही तर पल्लवीला फोन मी करते. ते म्हणाले, "तिकीट निघू द्या, मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो. पक्का." मी म्हटलं, संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी.

पण माझ्यावर ती वेळ आलीच नाही. घाटावरून गल्लीत शिरतो न शिरतो, तोच आप्पांच्या दारात रिक्षा उभी. पल्लवी पायरीवर बसलेली, पाठीवर बॅग, डोळे रात्रभर प्रवासाचे.

"पप्पा, हात दाखवा."

"कोणता?" आप्पा म्हणाले आणि त्यांनी पिशवी पाठीमागे नेली.

तिने उठून पिशवी काढून घेतली आणि हात घालून केळं बाहेर काढलं. दोन दिवसांचं होतं, त्यावर काळे ठिपके पडले होते, पण नाडी बहात्तरच. पल्लवीने ते दोन हातांत धरलं आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"काकू, तुम्ही साक्षीदार," ती मला म्हणाली. "पंचनामा होणार. यांनी सगळ्या शहराचे चोर पकडले आणि घरी मीटर बायपास केला!"

आप्पांनी मान खाली घातली. पकडलेल्या माणसाने कसं उभं राहायचं हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, त्यामुळे ते फार नीट उभे होते.

"पण तुला कळलं कसं?"

"काल फोन केला ना तुम्हाला, की व्हिसा झाला, पुढच्या महिन्यात जाऊ शकते. बोलता बोलता मी फोनवर नाडी बघत होते. जागची हलली नाही, पप्पा. एक आकडा वर नाही, एक खाली नाही." तिने केळं त्यांच्यासमोर धरलं. "मी लहानपणी सायकलवरून पडले तर तुमचे हात संध्याकाळपर्यंत कापायचे. मी दोन वर्षांसाठी जाते म्हणते आणि तुमच्या छातीत काहीच होत नाही? मला कळलं, हे माझे पप्पा नाहीत. रात्रीच गाडी धरली."

आप्पांनी आपला हात पुढे केला, पालथा, आणि पल्लवीने केळ्यावरचं घड्याळ सोडून त्यांच्या मनगटावर बांधलं. आकडा चांगलाच वर होता. मध्येच चुकतही होता. ती तो बघत राहिली आणि तिने त्यांचा हात सोडला नाही. केळं माझ्याकडे आलं, पुरावा म्हणून. मी ते गाईला घातलं.

डॉक्टरांकडे तिघंही गेलो. पट्ट्या लावल्या, कागद निघाले. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. सकाळ-संध्याकाळ एक गोळी. फिरणं सोडू नका, वाटलं तर हळूहळू पळा, मात्र घड्याळ घालून. तुमच्या हृदयाला झेपेल तेवढंच करायचं, आणि ते किती, हे त्यातच दिसेल.

"म्हणजे मीटर फेल नाही?" आप्पांनी विचारलं.

"केळ्यासाठी फेल आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासाठी चालेल."

पल्लवी जायला तयार नव्हती. बापलेकींचं आठवडाभर भांडण चाललं, जेवताना, भांडी घासताना, आमच्या ओट्यावर. शेवटी आप्पांनी तिच्या आईच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं, की यापुढे एकही खोटं रीडिंग जाणार नाही, जे असेल ते जसंच्या तसं तुला दिसेल, पण तू जा. गोळ्यांनी ठोके बरेच सुधारले होते. तिने घड्याळात आणखी एक सोय करून दिली. माणूस एका जागी स्वस्थ असताना नाडी फार चढली, तर तिच्या फोनवर घंटी वाजणार होती; चालता-पळताना चढली तर नाही. "आणि ती वाजली ना पप्पा, तर मी असेन तिथून परत फिरेन. लक्षात ठेवा."

ती निघाली त्या दिवशी स्टेशनवर आप्पा, मी आणि तिच्या दोन मोठ्या बॅगा. गाडी मुंबईला जाणारी, तिथून पुढे विमान. आप्पा एकसारखे सूचना देत होते. कुलूप लाव. पाणी बाटलीतलंच पी. तिकडे थंडी असते, हीटर रात्रभर चालू ठेवू नको, लोड येतो. पल्लवी पाया पडली, माझ्या गळ्यात पडली, दारात उभी राहिली. गाडी हलली. आप्पांनी हात वर केला आणि शेवटचा डबा वळणाआड गेला तरी तो तसाच वर होता.

प्लॅटफॉर्म मोकळा झाला. आप्पा तिथेच उभे होते, एका जागी, पायही न हलवता.

त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"पप्पा! घंटी वाजू राहिली इथे! तुमची नाडी केवढी चढली! काय झालं? बसलेले आहात ना? मी भुसावळला उतरते, परत येते—"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. इतका घाबरलेला म्हातारा माणूस मी कधी बघितला नव्हता.

"अगं नाही, काही झालं नाही," ते म्हणाले. "मी पळू राहिलो."

"पळू राहिले? स्टेशनवर?"

"हां. जागा मोकळी आहे. डॉक्टरने सांगितलं ना, हळूहळू पळा म्हणून."

एवढं बोलून त्यांनी चालू फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, धोतराचा सोगा एका हाताने धरला आणि खरोखरच पळायला लागले. चपला फटफट वाजत होत्या. जाता जाता मला दबक्या आवाजात म्हणाले, "खोटं रीडिंग द्यायचं नाही, सूनबाई. शब्द दिलाय." हमाल उठून बघू लागले. मी त्यांची पिशवी काखेत मारून, साडी सावरत त्यांच्या मागे धावले, "आप्पा, हळू, आप्पा!" म्हणत.

खिशातून पल्लवीचा आवाज येत होता. ती रडत होती की हसत होती, ते धावताना मला कळलं नाही.

"पप्पा, थांबा! ऐका माझं. मला समजलं सगळं. मी उतरत नाहीये भुसावळला. थांबा ना आता."

आप्पा थांबले. धापा टाकत वाकले, गुडघ्यांवर हात ठेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"नाही उतरणार?" त्यांनी खिशाला विचारलं.

"नाही पप्पा."

"मग ठीक आहे," आप्पा म्हणाले. "डबा उघड. जेवून घे."